काचेच्या खोक्यातला हिवाळा

काल दुपारी बर्फ घालायला सुरुवात झाली. बाहेर पारा चव्वेचाळीसवर होता, टॅक्सीच्या दाराची मूठ रुमालाने धरावी लागत होती. आणि मॉलच्या तळमजल्यावर चार माणसं रबरी बूट घालून, पाण्याचा बारीक फवारा मारत, एकेक पाऊल मागे सरकत होती. पापुद्र्याइतका पातळ थर. तो गोठला की दुसरा. मग पांढरा रंग, त्यावर लाल-निळ्या रेघा, रेघांवर पुन्हा पाणी. इरा, नील, तुमचे बाबा कॅल्गरीच्या अंगणात नळी सोडून झोपतात आणि सकाळी तुम्हांला बर्फ तयार मिळतो. इथे रियाधमध्ये थंडीसुद्धा यंत्राने करावी लागते, आणि मैदान पुरं व्हायला चार दिवस लागतात. मी कठड्याला टेकून पाहत उभी राहिले. गार लोखंडाचा आणि ओल्या रबराचा वास आला, आणि गेल्या वर्षीचा अख्खा मोसम त्या वासामागून आला.

"आजी, सौदीत आइस हॉकी आहे तरी का?" असं नीलने एकदा फोनवर इंग्रजीत विचारलं होतं. मी तेव्हा 'आहे' एवढंच म्हणाले. उत्तर अपुरं होतं. आज पुरं करते.

गेल्या वर्षी मी इथे आले ती दोन महिन्यांसाठी. आजोबांना जाऊन वर्ष झालं होतं. मिरजेची आपली इमारत पाडून तिथे नवी उभी राहायची होती, म्हणून सामान भाड्याच्या एका खोलीत रचून कुलूप लावलं आणि तुमच्या सुनेत्रा आत्याकडे आले. दोन महिन्यांनी कळलं, नव्या इमारतीचा पायाही खणलेला नाही. माझ्याकडे परतीचं तिकीट होतं, परतायला घर नव्हतं. सुनेत्राने फोनवरच माझ्या व्हिसाची मुदत वाढवून घेतली आणि म्हणाली, "खलास! झालं काम. आता काही महिने तरी बघायला नको." ती मोकळी झाली. मी मात्र त्या दिवशी खिडकीशी जाऊन उभी राहिले.

सहाव्या मजल्यावरच्या त्या खिडक्या चार बोटं उघडतात, पुढे खीळ आहे. उन्हाळ्यात तेवढ्याही उघडायच्या नाहीत, धूळ येते. गार पाण्याच्या नळाला कढत पाणी येतं, म्हणून आंघोळीची बादली आदल्या दिवशी भरून एसीच्या खोलीत निववत ठेवायची. समोरच्या इमारतीला अशाच खिडक्या आणि तसेच पडदे. दोन महिन्यांत तिथे मला एक माणूस दिसला नाही. गच्चीवर वाळत घातलेले कपडे तेवढे बदलत, त्यावरून आत कोणी आहे असं समजायचं.

मी वेळापत्रक आखलं आणि फ्रीजवर चिकटवलं. सुनेत्रा म्हणाली, "आई, इथे तुझी तपासणी करायला कोण येणार आहे?"

"मीच आहे की."

"मग शेरा काय दिलास?"

"समाधानकारक."

समाधानकारक नव्हतं. साडेअकरा ते साडेचार या रकान्यात 'वाचन' लिहिलं होतं, आणि त्या वेळात मी एसीची घरघर ऐकत बसे. ती दर सात-आठ मिनिटांनी सूर बदलते. हे मला कळलं तेव्हा मी घाबरले.

सुनेत्रा फिजिओथेरपिस्ट. तिच्या खाजगी रुग्णालयाने तिला मोसमापुरतं इथल्या व्यावसायिक आइस हॉकी संघाला दिलं होतं; सरावाला आणि सामन्याला हजर राहायचं, दुखऱ्या मांड्या-खांदे बघायचे. एक दिवस तिने मला एसीकडे टक लावून बसलेलं पाहिलं. म्हणाली, "चल तिकडे. निदान वेगळ्या भिंती तरी बघशील."

माझे स्वेटर मिरजेच्या कुलपात. मग ऑक्टोबरच्या उन्हात आम्ही बत्हाच्या बाजारात लोकरीची माकडटोपी शोधत हिंडलो. कढीपत्ता, पोहे, प्रार्थनेच्या चटया, सूटकेसा, सगळं होतं, लोकर नव्हती. शेवटी एका दुकानदाराने माळ्यावरून एक करडी टोपी काढली, झटकली, आणि मला वरपासून खालपर्यंत पाहून विचारलं, "माँजी, किधर? लंदन?"

"नहीं, मॉल."

तो इतका हसला की शेजारच्या चहाच्या टपरीवरची माणसं वळून बघायला लागली.

संघाला नवे प्रशिक्षक आले होते. फिनलंडचे, नाव युहानी. उंच, कमी बोलणारे, हातात कायम काळ्या कॉफीचा कागदी पेला. आधीच्या प्रशिक्षकांच्या राज्यात ज्याला जितकं वाटेल तितकं तो बर्फावर राही. युहानींनी पहिल्याच दिवशी सांगितलं: पंचेचाळीस सेकंद, की बाहेर, दुसरा आत. कप्तान फैसल अमेरिकेत शिकताना हा खेळ शिकलेला, मानी मुलगा. तो म्हणाला, "कोच, पंचेचाळीस सेकंदांत मला घामसुद्धा येत नाही."

"मला तुझा घाम नको आहे," युहानी म्हणाले. "पाय हवे आहेत."

मी वर बाकावर माकडटोपी घालून वही लिहीत होते. तुम्हांला फोनवर काही सांगता यावं म्हणून. चार रकाने: नाव, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ, कारण. तिसऱ्या दिवशी युहानी पायऱ्या चढून आले.

"मॅडम, तुम्ही काय लिहिता?"

"कोण किती वेळ होता ते."

त्यांनी वही हातात घेतली आणि कॉफी निवेपर्यंत वाचली. "फैसल, एक मिनिट बावन्न सेकंद?"

"त्रेपन्न. आकडा पुसट उमटलाय."

ते पहिल्यांदा हसले. पुढच्या आठवड्यात मला काम मिळालं.

काम काय, ते तुम्हांला समजेल, पण हे मिरजेला तुमची मावशीआजीही वाचणार आहे, म्हणून तिच्यासाठी सांगते. या खेळात काठीने रबरी चकती समोरच्यांच्या जाळ्यात मारायची असते. कोणी आडदांडपणा केला, पाय अडकवून पाडलं, तर पंच त्याला दोन मिनिटांची शिक्षा देतो. मैदानाच्या कडेला काचेचं खोकं असतं, त्यात जाऊन बसायचं. तेवढा वेळ त्याचा संघ एका खेळाडूने कमी. दोन मिनिटं पुरी झाली की दार उघडायचं आणि तो बर्फावर जायचा. आमच्या संघाच्या खोक्याचं दार माझ्याकडे आलं.

याहून योग्य माणूस त्यांना मिळाला नसता, हे मी बढाई म्हणून सांगत नाही. मी शाळेत इंग्रजी शिकवलं, पुढे मुख्याध्यापक झाले आणि कितीतरी वर्षं बोर्डाच्या परीक्षेची केंद्रसंचालक होते. घंटा झाली की उत्तरपत्रिका खाली. एका मुलीला मी अर्धं वाक्य पुरं करू दिलं नव्हतं. ती हात जोडत होती. शब्द चारच राहिले होते, मला वरून दिसत होते. तिचं नाव मला आजही पाठ आहे.

खोकं म्हणजे एक लांब बाक, पुढे डोक्याच्या वरपर्यंत काच, आणि आतल्या बाजूने कडी असलेलं दार. कडी जड होती. मी मैदानाच्या व्यवस्थापकांना तसं लेखी कळवलं. एकदा नाही, तीनदा, तारीख घालून. तिसऱ्या पत्राची पोच आली, कडी होती तशीच राहिली. मग मला युक्ती साधली: आधी किंचित वर उचलायची, मग ओढायची. एकदाही उशीर झाला नाही.

त्या खोक्यात प्रत्येक जण वेगळा बसतो. फैसल आधी अरबीत काहीतरी जळजळीत बोले, मग मी शेजारी आहे हे आठवून म्हणे, "सॉरी, खाला." खाला म्हणजे मावशी. एक चेक मुलगा काचेला कपाळ टेकून गप्प राही, त्याच्या श्वासाचा डाग काचेवर मोठा होत जाई. मला वाटे, या सगळ्यांना आपली सुटका कधी आहे ते डोक्यावरच्या घड्याळात दिसतं. सेकंदासेकंदाने कमी होत जाणारे लाल आकडे. असं घड्याळ मला सहाव्या मजल्यावर कुणी लावून दिलं तर मी तक्रार करणार नाही.

युहानी मॉलला जोडलेल्या हॉटेलात राहत. हॉटेलातून इकडे यायला काचेचा पूल होता. एकदा त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं, अकरा दिवस उघड्या हवेत पाऊल पडलेलं नाही.

"आमच्याकडे हिवाळा कोंडतो, तुमच्याकडे उन्हाळा," ते म्हणाले. "फरक एवढाच, आमच्याकडे शेवटी बर्फ वितळतो."

"आणि इथे?"

"इथे तो वितळू नये म्हणून मला आणलंय."

त्यांचाही करार एका मोसमाचा होता. संघ अंतिम फेरीत गेला तर पुढे वाढणार, नाहीतर नाही. हे त्यांनी सांगितलं नव्हतं, सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि नोरबू. लेहचा, पंचवीस-सव्वीस वर्षांचा, गालांवर तिकडच्या उन्हाचे तांबूस डाग. गोठलेल्या तळ्यावर खेळायला शिकलेला. छपराखालचा बर्फ त्याने विशी उलटल्यावर पाहिला. तो वेगाने खेळे आणि वेगाने चुका करी, म्हणून खोक्यात सर्वांत जास्त तोच येई. आमची सगळी ओळख दोन-दोन मिनिटांची आहे.

"आंटीजी, आप इंडिया में किधर से?"

"मिरज. जहाँ सितार बनती है।"

"तो सितार छोड़के इधर डब्बे में?"

मी दार उघडलं, तो गेला. पुढच्या सामन्यात आल्या आल्या गोष्ट तिथूनच पुढे चालू. बायकोचं नाव डोलमा. शाळेत शिक्षिका. "तो आप जैसी है। मुझे भी टाइम पे डाँटती है।" डिसेंबरमध्ये सांगितलं, ती पेट से है, फरवरी. पुढच्या खेपेला तो आत आला, शिरस्त्राणाचा पट्टा सैल केला. लाल आकडे चाळीसवर आले तेव्हा काचेकडे बघत म्हणाला, "पिछली बार मैं कैंप में था। चार दिन बाद पहुँचा। बच्चा तब तक नहीं रहा।"

चौदा सेकंद राहिले होते. त्याने शिरस्त्राणाचा पट्टा घट्ट केला. मी कडी उचलली, ओढली.

त्याच्या करारात रजेचं एकच वाक्य होतं: मोसम संपेपर्यंत रजा नाही. मोडून गेलास तर पुन्हा यायचं नाही. लेहच्या मुलाला अशी संधी किती वेळा येते? युहानींनी त्याच्यासाठी कार्यालयात दोनदा शब्द टाकला. "यल्ला, चला कोच, मोसम संपू दे, मग काय हवं ते," असं उत्तर मिळालं. मोसम कधी संपणार, हे आमच्या हरण्यावर अवलंबून होतं. फेब्रुवारीतला उपांत्य सामना हरलो तर दुसऱ्या दिवशी सगळे मोकळे. जिंकलो तर अंतिम फेरी, आणखी तीन आठवडे. डॉक्टरांनी डोलमाला त्याच आठवड्यातली तारीख दिली होती.

मी हे सगळं जाणून त्या दिवशी खोक्यात जाऊन बसले. माकडटोपी, वही, दोन पेनं.

नोरबू हरण्यासाठी खेळणारा नव्हता. त्या दिवशी तो असा खेळला की फैसलने मध्यंतरात त्याच्या डोक्यावर पाण्याची बाटली उपडी केली, कौतुकाने. पहिला गोल त्याचाच. मध्यंतर युहानींनी रात्रीच्या, इशाच्या नमाजाशी जुळवून घेतलं होतं. अर्धे खेळाडू बाकांमागे मोज्यांवर नमाज पढत होते, उरलेले हातमोजे काढून वाफाळत बसले होते. सुनेत्रा नोरबूच्या मांडीला पट्टी बांधत होती. मी दुरून पाहिलं, ती काहीतरी विचारत होती आणि तो मान हलवत होता.

दोन-दोन अशी बरोबरी, चार मिनिटं बाकी, आणि नोरबूने कुणाला तरी पाडलं. दोन मिनिटं. तो आत आला, धाडकन बसला. घामाचा वास, हातमोज्यांचा वास. मी कडी लावली.

"सुबह एडमिट किया उसको," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता.

"फिर?"

"फिर क्या, आंटीजी। जीतेंगे।"

तो बाकाच्या कडेवर सरकला होता. उडी मारायला. त्याला त्या दारातून बाहेर जायचं होतं. दुसरं, लेहच्या दवाखान्याचं दार त्याच्या डोळ्यांसमोर त्या क्षणी नव्हतंच. ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. आमचे चार जण काचेपलीकडे जिवाच्या करारावर गोल अडवत होते. वीस सेकंद. दहा. "टाइम पे, आंटीजी," तो म्हणाला आणि उठून दाराशी आला.

शून्य.

माझा हात कडीवर होता. कडी गार होती. मी ती उचलली नाही.

इरा, नील, मला हे नीट लिहायचं आहे. मी ठरवलं होतं असं म्हणणं खोटं होईल, आणि हात चालला नाही असं म्हणणंही खोटं होईल. मी मोजत होते. एक, दोन, तीन. "आंटीजी! खोलो!" पाच. त्याने तळहाताने काच थापटली. समोरून फैसल ओरडत होता, युहानी कठड्यावरून अर्धे बाहेर आले होते. सात. आयुष्यभर मी घंटा झाल्यावर एका सेकंदाची मुभा कुणाला दिली नाही. नऊ. मग मी कडी वर उचलली, ओढली. तो सुटला, दोन पावलं गेला असेल, आणि चकती आमच्या जाळ्यात गेली.

तीन-दोन. उरलेल्या वेळात काही झालं नाही.

सामना संपल्यावर मैदानाचे व्यवस्थापक धावत माझ्याकडे आले. त्यांच्या हातात माझीच तीन पत्रं होती. "मॅडम, तुम्ही तीनदा लिहिलं होतं. चूक आमची आहे. कडी अडकणारच होती." ते खरोखर ओशाळले होते. मी त्यांना थांबवायला तोंड उघडलं, आणि मिटलं. शिस्तीने लिहिलेल्या त्या पत्रांनी मला असं सोडवलं, आणि अजून सोडलेलं नाही.

नोरबू माझ्याशी बोलला नाही. खोक्यासमोरून मान खाली घालून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने दिल्ली, तिथे धुक्यात अडकून एक दिवस, मग लेह. तो पोचला त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलगी झाली. दोघी सुखरूप. सुनेत्राच्या फोनवर फोटो आला: लोकरीच्या टोपीत एवढंसं तांबडं तोंड. सुनेत्रा म्हणाली, "बघ आई, एका गंजक्या कडीने काय केलं ते." मी फोटो जवळ घेऊन, लांब धरून पाहिला.

युहानींचा करार वाढला नाही. मार्चमध्ये ते निरोप घ्यायला आले तेव्हा मी त्यांना पोहे दिले. त्यांनी वही मागितली, पानं उलटली, शेवटच्या सामन्याचं पान मात्र उघडलं नाही. उघडलं असतं तर दिसलं असतं. मी वेळ खरीच लिहिली होती: दार उघडलं, नऊ सेकंद उशिरा. कारणाचा रकाना तेवढा कोरा. ते म्हणाले, "या देशात मला एकच माणूस भेटलं जे कधी चुकलं नाही." हात मिळवला आणि काचेच्या पुलावरून गेले. मी सांगायला हवं होतं. तेवढंच बाकी होतं, चार शब्द.

उन्हाळा पुन्हा आला. खिडक्या पुन्हा बंद. मिरजेहून फोटो येतात. पायाचा खड्डा झाला, त्यात पाणी साचलं. दुपारच्या रकान्यात अजून 'वाचन' आहे. त्या वेळात मी बसून ते नऊ सेकंद पुन्हा पुन्हा मोजले आहेत. मला कुणी नेमलं होतं, त्याच्यासाठी कोणतं दार उघडावं हे ठरवायला? मी माझ्या खोक्यात बसून दुसऱ्याच्या खोक्याची कडी धरली. दार वेळेवर उघडलं असतं तरी कदाचित गोल झालाच असता, असं सुनेत्रा म्हणेल, तिला सांगितलं तर. तिला सांगितलेलं नाही.

तर काल मी कठड्याशी उभी होते. यंदाही नवे प्रशिक्षक येणार आहेत, गुरुवारी. मागून कुणीतरी म्हणालं, "आंटीजी, टोपी कहाँ है? अभी से ठंड लगेगी।"

नोरबू. करार पुन्हा एका मोसमाचा. डोलमा आणि बाळ लेहला. त्याने फोन काढून मला पोरीचा व्हिडिओ दाखवला. ती एका लाकडी चमच्यावर राग काढत होती. मग तो खोक्याकडे गेला. व्यवस्थापकांनी माझ्या पत्रांना मान देऊन उन्हाळ्यात नवी कडी बसवली आहे, पितळेची, एका बोटाने सरकणारी. नोरबूने ती पुढेमागे करून पाहिली.

"अच्छी है," तो म्हणाला. "वैसे पुरानी भी अटकती नहीं थी।"

फवाऱ्याचा आवाज तेवढा येत होता. मी कठडा धरला.

"कब से पता है?"

"मैं बगल में खड़ा था, आंटीजी। आपका हाथ देख रहा था।"

"नाराज हो?"

"बहुत था। फिर कोच सर गए, तो और ज्यादा।" त्याने नाक पुसलं. "फिर बच्ची को दाँत आने लगे। सोने नहीं देती थी। टाइम ही नहीं मिला।"

मी हसले नाही. तोही नाही. तो आत शिरला, बाकावर बसला, पाय लांब केले, जसा शिक्षेला आल्यावर बसे तसा. मी सवयीने मागोमाग आत गेले आणि दार ओढून कडी लावली. काचेपलीकडे ती चार माणसं मागे मागे सरकत होती आणि काळं सिमेंट हळूहळू दुधी होत होतं. आम्ही दोघं ते बघत बसलो. मग तो उठला आणि दाराशी जाऊन उभा राहिला.

"इस साल टाइम पे खोलना।"

"खोलूँगी।"

तो तसाच उभा. मीही.

"तो खोलो ना, आंटीजी," नोरबू म्हणाला.